कर्जाची तारीख आणि उसाची तोड

मंडळी, शेतकऱ्याला कर्जच मिळत नाही, असं सरसकट म्हणायची पद्धत आहे. कोल्हापूर जिल्ह्यात ते पुरतं खरं नाही. गावात विकास सेवा संस्था म्हणजे सोसायटी, तिच्यावर जिल्हा बँक, तिच्यावर राज्य बँक आणि नाबार्ड, अशी उतरंड आहे. इथलं दुखणं वेगळं आहे. कर्जाची तारीख आणि उसाची तोड यांचा मेळ बसत नाही.

आडसाली लावण जुलैची धरा. पीक सोळा ते अठरा महिन्यांचं. जुलै २०२५ चा ऊस तुटणार नोव्हेंबर २०२६ ते जानेवारी २०२७ च्या दरम्यान, तोही कारखान्याची पाळी लागेल तसा. तोडीनंतर कारखान्यानं १४ दिवसांत बिल द्यावं, उशीर झाला तर १५ टक्के व्याज द्यावं, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. ते व्याज कुणाच्या पावतीवर दिसतं का, तुम्हीच बघा! पीककर्जाची व्याजसवलत मात्र जास्तीत जास्त एका वर्षाची. जुलै २०२६ ला सवलत संपली, ऊस रानात उभाच.

मग ‘नवं-जुनं’ सुरू होतं. सावकाराकडून दहा दिवसांसाठी रक्कम उचलायची, सोसायटीचं खातं मिटवायचं, नवी उचल आली की सावकाराला द्यायची. २ लाखांवर केंद्राची वेळेत फेडीची सवलत ३ टक्के, म्हणजे ६ हजार. राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना धरली तर आणखी वाचतात. सावकारानं दहा दिवसांना २ टक्के लावले तर ४ हजार गेले. एवढ्यावर भागलं तर ठीक. पण सोसायटीच्या संचालक मंडळाची सभा लांबली, कर्जमर्यादेचं क. म. पत्रक बँकेत अडकलं आणि दहाचे तीस दिवस झाले, की १२ हजार. सवलत राखायला सवलतीएवढंच किंवा जास्त गमावलं.

इथं एक घोटाळा डोक्यातून काढा. मुदत टळली की सवलत जाते, पण खातं लगेच एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी अनुत्पादक, होत नाही. ज्या पिकाचा हंगाम वर्षापेक्षा लांब, त्याचं खातं थकल्यावर एक पीकहंगाम उलटला तर एनपीए होतं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ‘एनपीए होईल’ या भीतीनं सावकार गाठणाऱ्यानं आधी मंजुरीपत्रावरची तारीख वाचावी.

उपाय रानातच आहे. सगळं क्षेत्र आडसालीत घालू नका. काही भाग खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या फुटव्याचं पीक, ठेवला तर तो बारा महिन्यांत तुटतो आणि वर्षाच्या आत हातात बिल येतं. दुसरं, किसान क्रेडिट कार्ड हे लागेल तसं उचलायचं-भरायचं कर्जखातं आहे. व्याज उचललेल्या रकमेवर लागतं. बेण्याला लागेल तेवढं आधी, मोठ्या बांधणीच्या, म्हणजे उसाला मातीची भर देतानाच्या, खताचं तेव्हाच उचला. सगळी रक्कम पहिल्या दिवशी काढून घरात ठेवायची खोड महाग पडते.

कार्डावरची कर्जमर्यादा कशी निघते तेही पाहून घ्या. पीककर्जाचा एकरी दर ६० हजार धरू. ३० गुंठ्यांना ४५ हजार. त्यावर घरखर्च आणि काढणीपश्चात गरजेसाठी १० टक्के, ४,५००. अवजारांच्या देखभाल-दुरुस्तीसाठी २० टक्के, ९ हजार. एकूण ५८,५००, वर पीक विमा. मंजुरीत पहिलाच आकडा दिसला तर बाकीचे दोन सोसायटीच्या गटसचिवांना विचारा. आणि २ लाखांपर्यंत तारण मागायचं नाही, हे १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे.

राहता राहिला वाट्यानं, फाळ्यानं करणारा. कष्ट त्याचे, सात-बारा दुसऱ्याचा. लेखी करार करायला मालक धजत नाही, कारण १९४८ च्या कूळ कायद्याची धास्ती अजून घरोघरी आहे. किसान क्रेडिट कार्डाच्या नियमांत तोंडी करारानं जमीन कसणारा खंडकरीही बसतो, पण खिडकीवर कागदच मागतात. अशांनी चार ते दहा जणांचा संयुक्त देयता गट करावा. एकमेकांची हमी हेच तिथं तारण. गटात घेताना मात्र भावकी बघू नका, मागची फेड बघा. एकानं हप्ता चुकवला तर बाकीच्यांची पुढची उचल थांबते.