एकच इटालियन कुठंय?

नमस्कार मंडळी. इटालियन शिकायला लागलं की कुणीतरी हमखास सांगतं, सोपी आहे हो, लिहितात तशीच बोलतात. बऱ्याच अंशी खरंय ते. पण जे लिहिण्यात दिसत नाही ना, नेमकं त्यावरूनच तिथली माणसं एकमेकांचं गाव ओळखतात.

आता 'कासा' घ्या, म्हणजे घर. उत्तरेत मिलान, तुरिनकडे 'काझा' ऐकू येईल, दक्षिणेत नेपल्स आणि पालेर्मोकडे 'कासा', आणि फ्लॉरेन्सचा जुना माणूस शब्द बघून ठरवतो, घर 'कासा' पण गुलाब मात्र 'रोझा'. तिथे 'किएसे' म्हणजे त्याने विचारलं आणि 'किएझे' म्हणजे चर्चेस, स्पेलिंग दोन्हीचं सेम! हे पुस्तकातून येत नाही, लहानपणी घरात कानावर पडावं लागतं.

हे असं का झालं? देश एक झाला 1861 साली, आणि तेव्हा इटालियन बोलू शकणारे किती होते, तर भाषेचे अभ्यासक तुल्लिओ दे माउरो यांचा अंदाज जेमतेम अडीच टक्के, दुसरे अभ्यासक कास्तेल्लानी म्हणतात दहाच्या आसपास. बाकी सगळे आपापल्या बोलीत, आणि त्या बोली म्हणजे बिघडलेली इटालियन नव्हे हं, त्या थेट लॅटिनमधून वेगळ्या वाढलेल्या. मग शाळा आली, रेडिओ आला, 3 जानेवारी 1954 ला राई या तिथल्या सरकारी प्रसारण संस्थेचं टीव्ही प्रक्षेपण सुरू झालं, लोकांनी शब्द घेतले, व्याकरण घेतलं, पण आवाज घरचेच ठेवले.

बरं, प्रमाण भाषेचा पाया फ्लॉरेन्सच्या बोलीचा, मग तिथलं तरी प्रमाण असेल? तर नाही! तिथे दोन स्वरांमधला 'क' चक्क 'ह' होतो. 'ला कासा' न म्हणता 'ला हासा', कोकाकोला मागवला तर 'उना होहा होला'. पण तोच माणूस 'घरी' म्हणताना 'आ क्कासा' म्हणतो, दणकून क्क, कारण 'आ' नंतर पुढचं व्यंजन दुप्पट होतं आणि दुप्पट झालेल्या क ला 'ह' होण्याचा नियम लागत नाही. एकाच वाक्यात एकच शब्द दोन प्रकारे, आणि बोलणाऱ्याला पत्ताही नसतो. मला विचाराल तर अख्ख्या इटालियनमधली ही सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. उत्तरेत हे दुप्पट करणं नाहीच, व्हेनिसच्या आसपास, व्हेनेतोकडे तर शब्दातली जोडव्यंजनं, म्हणजे ल्ल, क्क सारखी दुप्पट व्यंजनंसुद्धा हलकी होतात, आणि रोमला उलट 'लीब्रो'चं, म्हणजे पुस्तकाचं, 'लिब्ब्रो' करतात पण 'ग्वेर्रा'चं, म्हणजे युद्धाचं, मात्र 'ग्वेरा'.

स्वरांचंही तेच. 'पेस्का' मधला ए तोंड मोठं उघडून म्हटला की पीच हे फळ, मिटता म्हटला की मासेमारी. सिसिलीत हा भेदच नाही, एकच उघडा ए, संदर्भावरून कळतं सगळ्यांना. मिलानला भेद आहे पण वाटणी वेगळी, तिथे 'बेने' (छान) चा ए मिटलेला आणि 'पेर्के' (का) चा उघडा, पुस्तकात बरोब्बर उलटं दिलेलं असतं. पुस्तकातला उच्चार बोलतं कोण, तर बहुतेक करून डिक्शनचा क्लास केलेले नट आणि निवेदक. म्हणून विद्यार्थ्यांना माझं एकच सांगणं असतं, ए आणि ओ च्या मागे जीव काढू नका, जोडव्यंजनं मात्र नीट म्हणा, 'पाला' म्हणजे फावडं आणि 'पाल्ला' म्हणजे चेंडू.

आणि हे सगळं प्रांताचंच असतं असंही नाही. घशातून येणारा 'र', ज्याला ते 'एर्रे मोश्शा' म्हणतात, पार्मा, पिएमोंतेकडे जास्त ऐकू येतो पण इतरत्र कुणाचाही असू शकतो. फियात मोटार कंपनीच्या जान्नी आन्येल्लींचा तो प्रसिद्ध होता, त्यामुळे तो काहींना खानदानी वाटतो, आणि तोच र शाळेतल्या एखाद्या पोराचा असला की त्याला दोष म्हणतात. हे मला अजिबात पटत नाही.

झेड मात्र आपल्याला फुकटात मिळतो. 'पित्सा'मधला त्स म्हणजे आपल्या चाकातला च, आणि 'झेरो'मधला म्हणजे जाडमधला ज. आता काका म्हणजे 'त्सिओ', जुन्या नियमाप्रमाणे चाकातला च, पण उत्तरेचा जाडमधला ज सध्या सगळीकडे पसरतोय, फ्लॉरेन्सच्या तरुण पोरांच्या तोंडीसुद्धा तोच ऐकू येतो.