पोलंडचा 'नो' आणि ग्रीसचा 'ने'

श्रोतेहो, नमस्कार.

वॉर्साच्या ट्रॅममध्ये कुणी फोनवर बोलत असेल तर हमखास कानावर पडतं, "नो... नो... नो, नो." नवख्या माणसाला वाटावं, पलीकडच्या बिचाऱ्याला काहीच मिळत नाहीये. प्रत्यक्षात ट्रॅममधली व्यक्ती सगळ्याला दुजोरा देत असते. पोलिश बोलण्यातला 'नो' म्हणजे आपलं 'हं, हो, बरोबर'. नकाराला तिथे 'न्ये' म्हणतात. आणि 'नो न्ये' असं जोडून आलं, तर अर्थ साधारण 'छे, नाही बुवा!' शेजारच्या चेक भाषेत होकार 'आनो', पण घाईत त्याचाही नुसता 'नो' होतो. रशियनमध्ये हाच 'नो' 'पण' होऊन बसतो.

मग आपण शाळेत शिकलो तो 'नो' कुठून आला? गंमत म्हणजे इंग्रजीतच दोन 'नो' आहेत. प्रश्नाला उत्तर म्हणून येणारा 'नो' जुन्या इंग्रजीतल्या 'ने' आणि 'आ' यांतून झाला. अर्थ, 'कधीच नाही'. रस्त्यावरच्या 'नो पार्किंग'मधला 'नो' मात्र 'ने' आणि 'आन' यांचा, म्हणजे 'एकही नाही'. पुढे शेवटचा 'न' झिजला आणि दोघे एकसारखे दिसू लागले. स्पॅनिश आणि इटालियन 'नो' आला लॅटिनच्या 'नोन'मधून, आणि त्या 'नोन'च्या पोटातही 'न' आणि 'एक' हेच दोन तुकडे आहेत. एकमेकांना न विचारता दोन भाषांनी नकार पक्का करायला एकाच युक्तीचा आधार घेतला. या सगळ्यांच्या तळाशी असलेला 'न' म्हणजे संस्कृतातला 'न', आणि आपल्या 'नाही'तलाही तोच.

पोर्तुगीज मजकुरात 'नो' दिसला तर मात्र या नात्यात त्याला ओढू नका. तो 'एम' म्हणजे 'मध्ये' आणि 'ओ' हे पुल्लिंगी उपपद यांचा संधी आहे. 'नो पोर्तो' म्हणजे 'पोर्तो शहरात', आणि बोलताना तर त्याचा 'नु' होतो. त्यांचा नकार निराळा, नाकातून येणारा 'नांव'.

खरी पंचाईत बल्गेरिया आणि ग्रीसच्या सीमेवर. बल्गेरियन 'ने' म्हणजे नाही. कुलाताचं नाकं ओलांडून ग्रीसमध्ये शिरलात, की 'ने' म्हणजे हो! हा प्राचीन ग्रीकमधला 'नाइ', आज त्याचा उच्चार 'ने' होतो. त्यात बल्गेरियन लोक होकाराला मान आडवी हलवतात आणि नकाराला उभी. त्यामुळे तिथे शब्दाची शंका मानेवरून फेडायला गेलात तर आणखी फसाल.

ग्रीकांचा नकार 'ओही'. 28 ऑक्टोबर 1940 रोजी पहाटे इटलीच्या राजदूताने निर्वाणीचा खलिता आणला, तेव्हा पंतप्रधान मेताक्सास यांनी तो धुडकावला. तो दिवस आजही 'ओही दिन' म्हणून पाळतात. मेताक्सास प्रत्यक्षात फ्रेंचमध्ये बोलले होते, "मग हे युद्धच." पण लोकांना एक शब्द हवा होता, तो त्यांनी आपल्या भाषेतला घेतला, आणि मला तरी त्यात काही गैर वाटत नाही.

जाता जाता फिनलंड. तिथला 'नो' म्हणजे 'बरं'. 'नो नीन' एवढंच म्हणून फिनिश माणूस सुरानुसार 'चला', 'झालं एकदाचं' किंवा 'आता काय करायचं' यांतलं काहीही सुचवतो. फिनिश आपल्या कुळातली भाषा नाही, तरी तिचा नकार आपल्यासारखाच माणसागणिक रूप बदलतो. आपण म्हणतो, मी जात नाही, तू जात नाहीस, ते जात नाहीत. ते म्हणतात, 'एन मेने', 'एत मेने', 'एइवात मेने'.