दवाखान्यात न आलेल्यांची मोजदाद

(मुंबईत एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

शनिवारची दुपार, पोटात जेवण, वर एसी, आणि बोलायला पीएसएमचा, म्हणजे सामाजिक आरोग्याच्या विषयाचा, निवृत्त मास्तर. एवढं जुळून आल्यावर झोप लागली तर दोष तुमचा नाही. ज्यांना झोपायचंय त्यांनी मागच्या रांगांत जावं. ज्यांना यंदा आयसीएमआरच्या एसटीएसचा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या अल्पकालीन संशोधन योजनेचा, अर्ज भरायचाय त्यांनी मात्र तासभर जागं राहावं.

आरोग्यातली विषमता आणि तिच्यावर विद्यार्थ्याने गाईडच्या हाताखाली करायचं संशोधन, असा विषय मला दिलाय. गरीब माणूस जास्त आजारी पडतो हे सांगायला संशोधन लागत नाही. ते लोकलमधला कुठलाही प्रवासी सांगेल. संशोधन लागतं ते नेमकं कशामुळे पडतो आणि किती जास्त पडतो हे सांगायला. वॉर्डात बसून ते कळत नाही, कारण वॉर्डात दिसतो तो इथपर्यंत पोचलेला माणूस. ज्याची रोजी बुडेल म्हणून तो आलाच नाही, जी बाई धाकटं मूल कुणाकडे ठेवायचं म्हणून घरीच राहिली, ती माणसं केसपेपरवर नसतात. विषमता असते ती या न आलेल्या लोकांत.

गोवंडी-मानखुर्दकडचं एक उदाहरण घेऊ. तिकडे नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहती आहेत. शहरातल्या प्रकल्पांत ज्यांच्या झोपड्या गेल्या त्यांना तिथे आणून बसवलं. त्याच भागात पीएमजी कॉलनी ही आणखी जुनी वसाहत. 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबईचे अभ्यासक यांनी या तिन्ही वसाहतींची पाहणी केली, ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. पहिल्या दोन वसाहतींत साधारण दहा घरांमागे एका घरात टीबीचा रुग्ण निघाला. पीएमजीत हे प्रमाण शंभर घरांमागे एकाच्या आसपास होतं.

आता यात हुशारी कुठे आहे ते बघा. तिन्हीकडचे लोक साधारण एकाच थरातले. म्हणजे 'गरिबीमुळे टीबी' हे नेहमीचं उत्तर इथे पुरत नाही. फरक उरतो तो इमारतींचा. नटवर पारेखमध्ये दोन इमारतींच्या मधलं अंतर काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर भर दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट लावावी लागते. मधल्या फटीत वरून कचरा पडतो, त्याचा वास येतो, म्हणून असलेली खिडकीही बंद. ऊन नाही, वारा नाही, आणि २२५ चौरस फुटांच्या खोलीत सहा-सात माणसं. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत हेक्टरी ५०० घरांची घनता घातलेली होती, आणि तीही किमान, बरं का, कमाल नव्हे. म्हणजे टीबीचं एक कारण नियमावलीच्या पुस्तकात छापलेलं होतं. इमारतीमुळे टीबी होतो का, असा प्रश्न ज्याला सुचला त्याने रुग्णाकडे बघता बघता मान वर करून इमारतीकडे बघितलं असणार.

तुम्ही दोन महिन्यांत हे कराल का? नाही. एवढा आवाका तुमचा नाही आणि तसा आव आणूही नये. एसटीएस ही योजना १९७९ पासून आहे आणि ती दोन महिन्यांचीच आहे. प्रस्ताव लिहायचा, आपल्याच कॉलेजातला गाईड धरायचा, एथिक्स कमिटीची मंजुरी घ्यायची, काम करायचं, रिपोर्ट पाठवायचा. तो मान्य झाला की सर्टिफिकेट आणि स्टायपेंड. अमेरिकेतही हाच साचा आहे. एनआयएच ही तिथली सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था मेडिकल स्कूलना टी-३५ नावाची ग्रँट देते आणि विद्यार्थी सुट्टीतले दोन-तीन महिने एखाद्या मेंटरकडे काम करतो. फरक एवढाच की विषमतेच्या विषयासाठी त्यांनी २०१० मध्ये आख्खी स्वतंत्र संस्था उभी केली. आपल्याकडे तो भार पीएसएमच्या डिपार्टमेंटवर आहे, आणि पीएसएमकडे तुम्ही कसे बघता ते मला ठाऊक आहे.

तेव्हा प्रश्न लहान पाहिजे. 'धारावीतील आरोग्यविषमता: एक अभ्यास' हा प्रश्नच नव्हे, तो बॅनर झाला. त्याऐवजी हे बघा. टीबीच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेत एप्रिल २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळू लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. पैसे थेट बँक खात्यात जातात. मग एका आरोग्य केंद्रावर गेल्या वर्षी नोंदलेल्या रुग्णांपैकी पहिला हप्ता किती जणांना मिळाला? औषध सुरू झाल्यावर किती दिवसांनी? आणि ज्यांना नाही मिळाला ते कोण? भाड्याने राहणारे? खातं गावच्या बँकेत असलेले? नवऱ्याच्या खात्यावर अवलंबून असलेल्या बायका? हे दोन महिन्यांत होतं. रजिस्टर आहे, फोन नंबर आहेत, घरं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. शिवाय खाण्याचा आणि टीबीचा संबंध किती घट्ट आहे ते झारखंडमधल्या 'राशन्स' चाचणीने २०२३ मध्ये दाखवलंच: रुग्णाच्या घरच्यांना शिधा दिला तर त्यांच्यात नवा टीबी जवळपास ४० टक्क्यांनी कमी. म्हणजे तुमचा हप्त्याचा प्रश्न दिसायला हिशेबाचा असला तरी आहे रोगाचाच.

आता मी जरा शंभर वर्षं मागे जातो, कारण या एका गोष्टीत तुमचं निम्मं बायोस्टॅट, म्हणजे आरोग्याचं आकडेशास्त्र, येतं. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक अर्भकमृत्यू लागले. एका खोलीच्या बिऱ्हाडांत तर आठशेच्या वर. आकडा वाचून अंगावर काटा येतो. चाळींची दशा भयानक होती यात वाद नाही. पण गिरणगावातली बाई बाळंतपणाला जायची कुठे? रत्नागिरीला, साताऱ्याला, आपल्या माणसांत. मूल जन्मलं तिकडे. चार-सहा महिन्यांनी ती त्याला घेऊन परळच्या चाळीत आली आणि मूल दगावलं, तर मृत्यूची नोंद मुंबईत. अंशात मुंबईत दगावलेली सगळी मुलं, छेदात फक्त इथे जन्मलेली. छेद आकसला की दर फुगतो. त्याच सुमारास सरकारने नेमलेल्या डॉक्टर बार्न्स या बाई गिरणीकामगार बायकांच्या बाळंतपणांची चौकशी करायला चाळीचाळींतून हिंडल्या, १९२२ मध्ये त्यांचा अहवाल आला, आणि १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला. कचेरीत बसून आकडेच चाळले असते तर बायका कामावर कधीपर्यंत येतात, बाळंतपणानंतर किती दिवसांत परत उभ्या राहतात, हे कळलं नसतं.

हा छेदाचा घोळ संपलेला नाही. मालाडच्या मालवणी वस्तीत लसीकरणाची पाहणी करायला मे महिन्यात जा. निम्म्या दारांना कुलूप. कोणी यूपीला, कोणी मराठवाड्यात, कोणी माहेरी बाळंतपणाला. तुम्ही उघड्या दारांची गणती कराल आणि लिहाल की ८५ टक्के मुलं पूर्ण लसवंत. ज्यांची लस गावी जाण्याने चुकते तीच मुलं तुमच्या हिशेबातून बाहेर राहिली. कुलूपबंद घर ही माहिती आहे. तिचा रकाना फॉर्मवर ठेवा, आणि त्या घरी संध्याकाळी सातनंतर पुन्हा जा.

इथे गाईडची गरज लागते. चांगला गाईड तुम्हाला काय देतो? स्टॅटिस्टिक्स तर हल्ली सॉफ्टवेअर देतं. तो तुमच्याबरोबर पहिल्या दिवशी वस्तीत येतो आणि तुमचा फॉर्म तुमच्यादेखत मोडतो. 'इथे किती वर्षं राहता?' हा आपल्याला किती निरुपद्रवी प्रश्न वाटतो. मुंबईच्या झोपडपट्टीत तो निरुपद्रवी नाही. झोपडी ज्या तारखेआधीची असली तर तिला संरक्षण मिळतं, ती तारीख आधी १ जानेवारी १९९५ होती, मग १ जानेवारी २००० झाली. प्रत्येक घरात पुराव्यांची प्लॅस्टिकची पिशवी असते आणि प्रत्येकाला आपलं उत्तर पाठ असतं. गळ्यात आयकार्ड आणि हातात फॉर्म घेतलेला मुलगा म्हणजे त्यांच्या लेखी बीएमसीचा किंवा बिल्डरचा माणूस. त्याला '९४ पासून' असंच उत्तर मिळणार, राहायला आले असले २०११ मध्ये तरी. मग तुम्ही वास्तव्याचा कालावधी आणि दम्याचा संबंध काढायला बसता आणि पी-व्हॅल्यू, म्हणजे संबंध योगायोगाचा नाही हे सांगणारा आकडा, कशी येत नाही म्हणून डोकं धरता! त्यापेक्षा विचारा, 'हा धाकटा कुठे जन्मला? थोरला कुठे?' उत्तर आपसूक खरं येतं.

उत्पन्नाचंही तेच. गोवंडीच्या शिवाजीनगरला जरीकाम करणाऱ्या घरात 'महिन्याला किती मिळतात' विचारलं की बाई नवऱ्याकडे बघते, नवरा छताकडे. काम नगावर, काम असेल तेव्हा. तिथे पाणी विकत घेता का, कितीला, हंड्यावर की पाइपवर, हे विचारलं की चित्र लगेच उभं राहतं. आणि तिथल्या कचरा डम्पिंगच्या कडेला 'खोकला आहे का' असं विचारू नका. 'नाही' म्हणतील, खोकत खोकत. सगळ्यांनाच असतो म्हटल्यावर तो आजार कसला? 'खोकल्याने रात्री जाग येते का' विचारा.

या गोष्टी पार्कच्या, म्हणजे पीएसएमच्या नेहमीच्या पाठ्यपुस्तकात नाहीत. त्या आरोग्यसेविकेला माहीत असतात. महापालिकेची ही बाई वर्षानुवर्षं तीच घरं फिरते, कोणाचं दार कधी उघडं असतं, कोणत्या घरात सासूसमोर सून तोंड उघडत नाही, सगळं तिला ठाऊक. गाईडची तिच्याशी ओळख किती जुनी आहे यावरून गाईड निवडा, पब्लिकेशनच्या यादीवरून नको. सायन रुग्णालयाच्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. नवजात बालकांच्या वॉर्डात काम करणारी ही डॉक्टर. १९८९ मध्ये आशियातली पहिली मानवी दुधाची पेढी त्यांनी तिथे सुरू केली. वॉर्डात येणारी बाळं ज्या वस्त्यांतून येतात तिथपर्यंत पोचलं पाहिजे म्हणून १९९९ मध्ये 'स्नेहा' ही संस्था काढली. वॉर्डातून वस्तीत जाण्याचा हा रस्ता धारावीत पायाखालचा आहे.

वाईट गाईडबद्दलही बोलतो, नाहीतर तुम्ही म्हणाल सर फक्त गोडगोड बोलले. एका ठिकाणी मी हा प्रकार जवळून पाहिला. पीजीच्या थीसिसला सॅम्पल कमी पडत होतं म्हणून सेकंड इयरच्या पोरीला एसटीएसचं गाजर दाखवलं आणि दोन महिने फॉर्म भरायला लावले. तिला संशोधनाचा प्रश्न काय आहे हेही सांगितलेलं नव्हतं. पेपर छापला तेव्हा तिचं नाव आभारात, तेही चुकीच्या स्पेलिंगने. ती आता रेडिओलॉजीत आहे आणि संशोधन हा शब्द काढला की हसते. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: प्रश्न कोणाचा, डेटा कोणाकडे राहणार, पेपरवर माझं नाव कितवं? विचारायला लाज वाटते, मान्य. ज्याला राग येईल त्याच्याकडे जाऊ नका. आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास ठरवून घ्या. 'कधीही ये, दार उघडं आहे' म्हणणाऱ्या सरांचं दार नेमकं तेव्हा बंद असतं.

विषमता मोजली की काय होतं याचा तुमच्या आठवणीतला दाखला देतो. जुलै २०२०. पालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) यांनी माटुंगा, चेंबूर पश्चिम आणि दहिसर या तीन वॉर्डांत सुमारे सात हजार लोकांचं रक्त तपासलं. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत कोविडच्या अँटिबॉडीज, बाहेर १६ टक्के. रस्ता ओलांडला की साडेतीन पट फरक. सामायिक शौचालय, पाण्याची रांग. अंतर राखा म्हणायचं कोणाला? पण हे कळलं कशामुळे, तर नमुना घरोघर जाऊन घेतला म्हणून. टेस्टिंग सेंटरवर आलेल्यांचे आकडे घेतले असते तर पैसेवाल्या सोसायट्याच जास्त बाधित दिसल्या असत्या, कारण टेस्ट करून घेत होते ते.

इथे कोणीतरी चिठ्ठी पाठवलीय: 'सर, अमेरिकेतल्या रेसिडेन्सीच्या मॅचसाठी (तिथल्या पीजीच्या जागेसाठी) सीव्हीला उपयोग होतो म्हणून केलं तर चालेल का?' चालेल की. हेतू शुद्ध असावा असा आग्रह मी धरत नाही, डेटा शुद्ध असावा असा धरतो.

आणि दुसरी चिठ्ठी: 'रिपोर्ट पाठवल्यावर काम संपतं का?' आयसीएमआरपुरतं संपतं. पण पाठवण्याआधी एक काम करा. निष्कर्ष एका पानावर साध्या मराठीत किंवा हिंदीत लिहा आणि हेल्थ पोस्टवर, म्हणजे पालिकेच्या वस्तीतल्या आरोग्य केंद्रावर, त्या आरोग्यसेविकांना वाचून दाखवा. चहा तुम्ही पाजा. माझ्या एका विद्यार्थ्याने असं वाचून दाखवलं, की अमुक गल्लीत औषध मध्येच सोडणाऱ्यांचं प्रमाण सगळ्यात जास्त आहे. एक बाई म्हणाली, 'अहो डॉक्टर, त्या गल्लीतली घरं नाल्याच्या कामात तुटली. माणसं मानखुर्दला गेली, औषध तिकडे चालू आहे.' त्याच्या यादीतले नऊ जण तिने नावानिशी सांगितले. तो दुसऱ्या दिवशी मानखुर्दच्या केंद्रावर गेला, नऊपैकी सात सापडले, आणि रिपोर्टमधला तक्ता क्रमांक तीन त्याने पुन्हा केला.