गोळ्या चालू आहेत, जेवणाचं काय?

(सोलापुरात ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. बाहेरच्या फलकावर विषय लिहिलाय, ‘एचआयव्हीसह जगणाऱ्या ज्येष्ठांचा आहार’. तो वाचून दोघं-तिघं दारातूनच वळले, मी इथून पाहिलं. तुम्ही बसलात, तुमचे मनापासून आभार. कुणाच्या घरात हा आजार आहे हे मी विचारणार नाही आणि कुणी सांगायचंही नाही. पण आज जे बोलणार आहे त्यातलं बरंचसं साठी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या ताटाला लागू आहे, तेव्हा निवांत ऐका.

आपल्या देशात हा विषाणू पहिल्यांदा सापडला १९८६ मध्ये, चेन्नईत. सरकारनं गोळ्या मोफत द्यायला सुरुवात केली ती १ एप्रिल २००४ पासून. त्याआधी पॉझिटिव्ह माणसाच्या म्हातारपणाचा विचार करायची वेळच येत नसे. आज नियमित गोळी घेणारा माणूस जवळजवळ इतरांएवढं आयुष्य जगतो. त्या वेळी चाळिशीत गोळ्या सुरू केलेली माणसं आता साठीच्या पुढे आहेत. या आजारात पन्नाशीनंतरच ज्येष्ठ धरतात, कारण विषाणू गोळ्यांनी दाबला तरी शरीरात मंद दाह चालूच राहतो आणि हृदय, हाडं, स्नायू लवकर झिजतात.

औषधं बदलली, माणसाचं वय बदललं, पण आहाराचा सल्ला मात्र २००४ सालचाच राहिला. ‘भरपूर खा, वजन वाढवा.’ तेव्हा तो बरोबर होता, कारण वजन उतरणं ही सगळ्यात वाईट खूण होती. आता साठीच्या माणसाला बीपी, शुगर, गुडघे सगळं लागलेलं असतं. एचआयव्हीच्या हल्लीच्या, डोल्युटेग्राविर हे औषध असलेल्या गोळीनं बऱ्याच जणांचं वजन आपसूकच वाढतं. आणि तरीही आपण वजनकाट्याकडे बघून ‘छान आहे’ म्हणतो. माझं सगळं आयुष्य आहार सांगण्यात गेलं. या एका वाक्याचा मला फार राग आहे, म्हणून आज उभी राहिले.

एक हकीकत सांगते. परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. एक मावशी. जन्मभर विड्या वळलेल्या. नवरा या आजारात लवकर गेला, त्या गोळ्यांवर जगल्या, मुलगा वाढवला, त्याचं लग्न केलं. दर महिन्याला गोळ्या आणायला जायच्या, वजन व्हायचं, वजन तेवढंच. सगळे म्हणायचे, मावशी एकदम ठीक. मी पाहिलं तर दंड काडीसारखे आणि पोट पुढे. थोडा भाग जुन्या औषधाचा. स्टॅव्ह्युडिन नावाची गोळी होती, गाल-हात-पाय यांची चरबी जायची. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ती टप्प्याटप्प्यानं बंद करायला सांगितली. पण सगळं तेवढ्यानं होत नाही. मी म्हटलं, मावशी, काल सकाळपासून काय काय खाल्लं ते सांगा.

चहा आणि बेकरीचं बटर. दुपारी चहा-बटर. रात्री थोडा भात. परत चहा.

आता तुम्ही म्हणाल, सून जेवायला घालत नसेल. इथे घाई करू नका. सून भली बाई. सकाळी आठला टॉवेलच्या कारखान्यात जाते, म्हणून कडक भाकरीची चवड करून ठेवते, आमटी ठेवते, शेंगाचटणी ठेवते. सोलापूरच्या माणसाला याहून चांगलं जेवण काय असतं? पण मावशींनी लहानपणापासून मिश्री लावलेली. दात निम्मे पडलेले, उरलेले हलणारे. कडक भाकरी चावणार कशी? चहात बुडवलेलं बटर मऊ लागतं, ते जातं.

इथे जरा थांबते. हात वर करा बघू, तोंडातले सगळे दात स्वतःचे असलेले किती जण? ...पहिल्या रांगेतल्या काकांचा हात अर्धाच वर आहे, म्हणजे निम्मे असतील. (हशा) चालेल. हसलात म्हणजे दुखणं सगळ्यांचं आहे. पण इतक्या वर्षांत त्या मावशींना दातांबद्दल कुणीही विचारलं नव्हतं. सीडी फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी किती, ते विचारलं, व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती, ते विचारलं, गोळी चुकली का विचारलं. चावता येतं का, हे नाही.

मी म्हटलं, मावशी, सुनेला सांगायचं ना, मऊ भाकरी दे म्हणून. त्या म्हणाल्या, “बाई, समद्यांसंगं एका ताटात वाढती, हेच लई हाय. आनि काय मागू?”

मंडळी, मी आज जे सांगायला आले ते एवढंच आहे. या पिढीच्या पॉझिटिव्ह माणसांनी वेगळं ताट, वेगळा तांब्या, वेगळा कोपरा पाहिलाय. ज्यांना घरात सामावून घेतलं त्यांना ते उपकार वाटतात, आणि उपकारात असलेला माणूस दुसरी भाकरी मागत नाही. भूक नाही म्हणतो. ‘पोट भरलं’ म्हणतो. आम्ही आहारतज्ज्ञ लिहून देतो, प्रथिनं वाढवा. कागद पिशवीत जातो. मागायची हिंमत कुठल्या कागदावर लिहून देणार? सुनेला बोलावलं तर ती म्हणाली, “मला काय माहीत, त्या पोट भरलं म्हणायच्या.” दोघींचंही खरं होतं.

मग काय केलं? भाकरी चुरून गरम आमटीत घालायची आणि झाकून ठेवायची. आठवड्यातून तीन-चार वेळा ज्वारीच्या कण्या, ताकातल्या. शेंगदाण्याचं कूट आमटीत सढळ हातानं. रोज एक उकडलेलं अंडं, कुस्करून. आणि आधी दातांच्या डॉक्टरकडे. काही महिन्यांनी मावशी खुर्चीवरून हात न टेकता उठायला लागल्या. वजन जवळपास तेवढंच होतं, मंडळी!

आता डब्याबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. १ डिसेंबर, म्हणजे जागतिक एड्स दिन, आला की चांगल्या मनाची माणसं प्रथिनांच्या पावडरचे डबे आणि बिस्किटांचे पुडे वाटतात. त्यांचं मन मोठं आहे, पण पैसा चुकीच्या जागी जातो. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात. शेंगा आपल्या गावाची ओळख आहेत. मालदांडी ज्वारी आपल्या जिल्ह्यातल्या मोहोळची, मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन आहे. एवढं दारात असताना एखाद्या विधवा बाईनं पेन्शनीतून डबा विकत घ्यायचा? चावता-गिळताच येत नाही अशा आजाऱ्याला पावडर लागते, तेव्हा ती डॉक्टर देतील. बाकीच्यांनी शेंगा घ्याव्यात, आणि खवट किंवा बुरशी आलेला दाणा निवडून टाकावा. बुरशीचं विष भाजूनही पुरतं जात नाही.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं आहेत. कबूल केलेला विषय आता भरभर सांगते.

प्रथिनं. साठीच्या पुढे वजनाच्या दर किलोला रोज एक ते सव्वा ग्रॅम धरा. पन्नास किलोच्या माणसाला पन्नास-साठ ग्रॅम. अंड्यात सहा-सात, वाटीभर घट्ट वरणात तेवढीच, मूठभर दाण्यात तेवढीच. एका जेवणात कोंबू नका, तिन्ही वेळा वाटा. पण एचआयव्हीच्या गोळीतलं टेनोफोविर हे औषध काहींच्या मूत्रपिंडाला त्रास देतं, हाडंही विरळ करतं. रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं असेल, तर प्रथिनांचं माप डॉक्टरांना विचारूनच.

मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, सगळ्या पदार्थांतलं मिळून. चटणी, पापड, लोणचं तिन्ही एका ताटात नको. शेंगाचटणी ठेवा, लोणचं उचला.

गोळी आणि कॅल्शियम. हे लिहून घ्या. डोल्युटेग्राविरची गोळी उपाशीपोटी कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेतली तर औषध अंगात कमी शोषलं जातं. पावडरच्या डब्यातही हे दोन्ही असतात. गोळी आणि हे सगळं एकत्र, जेवणाबरोबर घेतलं तर चालतं. नाहीतर एचआयव्हीची गोळी दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. पित्तावरचं पांढरं पातळ औषध मात्र जेवणाबरोबरही नको, तिथे दोन आणि सहा तास पाळायचेच. शुगरची मेटफॉर्मिन चालू असेल तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची गोळी दाखवा, कारण डोल्युटेग्राविरमुळे रक्तात मेटफॉर्मिन वाढतं आणि तिचा डोस दिवसाला साधारण एक हजार मिलिग्रॅमच्या आत ठेवतात.

उपवास. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, एकादशी सुटत नाही, मी सोडायला सांगतही नाही. पण ‘रिकाम्या पोटी गोळी नको’ म्हणून एकादशीला गोळी चुकवणारे मला माहीत आहेत. हल्लीची टीएलडी गोळी, म्हणजे टेनोफोविर, लॅमिव्युडिन आणि डोल्युटेग्राविर एकत्र असलेली, जेवणाआधी, जेवणानंतर, उपवासाला, कशीही चालते. दिवस चुकवायचा नाही. आणि साबुदाण्यापेक्षा भगर, दाण्याची आमटी आणि ताक बरं.

शेवटचं, आणि हे घरच्यांसाठी. वजन वाढलं म्हणून खूश होऊ नका, पण काही न करता ते उतरू लागलं, खोकला किंवा संध्याकाळचा ताप असेल, तर भाकरी-आमटीचा विचार नंतर. आधी थुंकी तपासा. या आजारात टीबी आजही सगळ्यात आधी शोधायचा असतो, आणि ती तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. आता प्रश्न घेते, मागच्या रांगेतल्या ताईंचा आधी.