पाऊस हटला, राजे हरले

मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालातल्या पेतेनच्या जंगलात झाडांच्या शेंड्यांवर डोकं काढणारी ही मंदिरं टिकाल या प्राचीन माया शहराची. सगळ्यात उंच मंदिर साठ मीटरहून अधिक. इथे हजारो माणसं राहत होती, आणि जवळपास एकही नदी नव्हती.

जमीन चुनखडकाची, पडलेलं पाणी झिरपून जाणारी. म्हणून इथल्या माया लोकांनी शहरातले चौकच उतरते बांधले, त्यांना चुन्याचा गिलावा दिला आणि पावसाचं पाणी तलावांत वळवलं. उन्हाळाभर त्यावरच गुजराण. मुख्य तलाव राजवाड्यांना आणि मंदिरांना लागून. पाणी राजाच्या दारात, देवांकडे पाऊस मागण्याचा मानही राजाचाच. पुढे इथली माया शहरं एकामागून एक ओस पडली. त्याचं मूळ मला याच मांडणीत दिसतं.

नवव्या शतकात पाऊस पुन्हा पुन्हा हटला. मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पातल्या चिचांकानाब सरोवराचं पाणी आटलं की तळाशी जिप्सम या खनिजाचे थर बसतात. त्या थरांवरून 2018 मध्ये संशोधकांनी मांडलं, की या काळात वर्षाचा पाऊस जवळजवळ निम्म्यावर आला होता. टिकालच्या तलावांतलं साठवलेलं पाणीही नासलं होतं. गाळात पारा सापडला, बहुधा भिंती रंगवायच्या हिंगुळातून, म्हणजे पारा असलेल्या लाल खनिजातून, उतरलेला. विषारी शेवाळाच्या खुणाही सापडल्या.

पण सगळा दोष दुष्काळावर टाकणं मला पटत नाही. दोस पिलास या माया शहराचा पाडाव 761 मध्येच झाला, लढायांत. तिथल्या लोकांनी जीव वाचवायला राजवाड्याचे दगड उपसून तट रचला. अग्वातेका हे शहर 810 च्या सुमारास जळालं, आणि माणसं घरातल्या वस्तू जागच्या जागी टाकून पळाली. होंडुरासमधल्या कोपान शहराला तर नदी होती, तरी तेही वाचलं नाही. तिथे 822 सालची एक वेदी आहे. तिची एक बाजू कोरून पूर्ण, दुसरी सुरू करून सोडलेली, उरलेल्या दोन कोऱ्या. राजाचं नाव दगडात कोरवून घेणारं राज्यच उरलं नाही.

टिकालचा शेवटचा तारखेचा शिलास्तंभ 869 चा. मेक्सिकोतल्या तोनिना या माया शहरातला 909 चा.

माया लोक गूढपणे नाहीसे झाले, हे साफ खोटं. लोक राजांना सोडून गेले, पाणी होतं तिकडे आणि उत्तरेकडे. उत्तरेतलं चिचेन इत्सा शहर याच काळात भरभराटीला आलं. पेतेनमधल्या एका सरोवरातल्या बेटावरचं नोहपेतेन हे माया शहर स्पॅनिश फौजेने घेतलं, ते थेट 1697 मध्ये. किचे, युकातेक आणि इतर माया भाषा आजही लाखो लोक घरात बोलतात.