लॅम्बेथचा कागद

मंडळी, विषय आहे राजाला नाही म्हणणारे सतराव्या शतकातले धर्मगुरू. आधी मात्र थेम्स नदी ओलांडू या. तो किस्सा सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

१६८८ साल. इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स, स्वतः कॅथलिक. त्याने जाहीरनामा काढून कॅथलिकांवरचे आणि चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या प्रोटेस्टंटांवरचे जाचक कायदे स्थगित केले. सवलत चांगलीच होती, हे मी मानतो. पण पार्लमेंटचे कायदे एकट्या राजाने बाजूला सारायचे, आणि तो कागद पाद्र्यांनी चर्चमध्ये वाचून दाखवायचा, असा हुकूम! १८ मेला चर्च ऑफ इंग्लंडचे प्रमुख धर्मगुरू, आर्चबिशप सॅनक्रॉफ्ट यांनी लॅम्बेथच्या आपल्या वाड्यात, हा कागद आम्हाला वाचायला लावू नका, असा विनंती अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला. त्यांना दरबार बंद होता, म्हणून बाकीचे सहा बिशप तो घेऊन रात्री पलीकडे राजवाड्यात गेले. राजा कडाडला, हे तर बंडाचं निशाण! सातही जण लंडनच्या टॉवर किल्ल्यातल्या तुरुंगात गेले, तेव्हा काठावर लोक गुडघे टेकून त्यांचे आशीर्वाद मागत होते.

२९ जूनला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये खटला उभा राहिला. आरोप असा की मिडलसेक्स परगण्यात राजद्रोही मजकूर प्रसिद्ध केला. आणि लॅम्बेथ कुठे? नदीच्या दक्षिणेला, सरे परगण्यात! मिडलसेक्समध्ये कागद कोणी कोणाला दिला, याला साक्षीदारच मिळेना. सरन्यायाधीश आता आरोपींना सोडणार, तेवढ्यात फिंच मध्येच बोलायला उठले. हे फिंच कोणाचे वकील? बिशपांचेच! त्या खोळंब्यात निरोप आला, मंत्री संडरलंड साक्षीला येतायत. ते आले, बिशप अर्ज घेऊन आपल्याकडे आले होते म्हणाले, आणि खटला पुन्हा उभा राहिला. मला फिंच यांचे आभार मानावेसे वाटतात. बिशप परगण्याच्या हद्दीवर सुटले असते, तर राजाकडे अर्ज करणं हा गुन्हा आहे का, हा प्रश्न ज्यूरीपुढे गेलाच नसता. ज्यूरी रात्रभर बसली. त्यात आर्नल्ड नावाचे, राजवाड्याला बिअर पुरवणारे गृहस्थ होते. ते म्हणाले म्हणे, निर्दोष म्हटलं तर राजाचं गिऱ्हाईक जातं, दोषी म्हटलं तर बाकी सगळं! सकाळी निकाल आला: निर्दोष.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मुख्य मुद्दा घाईत सांगतो. पुस्तकं या जल्लोषापाशी थांबतात, याचा मला राग येतो. त्याच दिवशी जेम्सचा डच जावई विल्यम ऑफ ऑरेंज याला बोलावणं गेलं. जेम्स पळाला, विल्यम आणि त्याची बायको मेरी गादीवर आले. आणि या सातांपैकी पाचांनी नव्या राजाची शपथ घ्यायला नकार दिला! जेम्सला दिलेली शपथ मोडायची नव्हती. त्याचा बेकायदा हुकूम वाचायचा नाही आणि त्याच्याविरुद्ध उठायचंही नाही, या दोन्ही गोष्टी त्यांच्या लेखी एकाच निष्ठेच्या होत्या. म्हणून त्यांना नुसते राजविरोधक म्हणणं मला पटत नाही. सुमारे चारशे पाद्र्यांनीही शपथ नाकारली, पदं गेली. त्या सातांपैकी केन यांनी बाथ आणि वेल्सच्या बिशपची गादी गमावली. सॅनक्रॉफ्ट लॅम्बेथ सोडून सफकमधल्या फ्रेसिंगफील्ड या आपल्या जन्मगावी परतले, आणि १६९३ मध्ये तिथेच वारले.