लॉख नेस : पाण्यातून मान कुणी वर काढली?

हे पाणी काळं दिसतंय, त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही. स्कॉटलंडच्या लॉख नेस सरोवराचं पाणी आहेच असं. भोवतालच्या डोंगरांवर अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर आहेत. पावसात त्यांचा अर्क उतरतो आणि पाण्याला कोऱ्या चहाचा रंग चढतो. लांबी सुमारे ३७ किलोमीटर, खोली २३० मीटरच्या आसपास. याच पाण्यात 'नेसी' नावाचा लांब मानेचा, पाठीवर वशिंडं असलेला राक्षस राहतो, असं म्हणतात.

आता ही बोट पाहा. गेली पुढे. तिच्या लाटा दोन्ही काठांवर आपटून मागे फिरल्या, मधोमध एकमेकींना भिडल्या. एक, दोन, तीन वशिंडं! बोट मात्र केव्हाच नजरेआड झालेली.

१९३३ साली या काठाने मोटाररस्ता झाला. त्याच वर्षी मे महिन्यात 'इनव्हरनेस कुरिअर'ने एका जोडप्याला दिसलेल्या अजस्र प्राण्याची बातमी छापली. संत कोलंबाने नेस नदीतलं जनावर पिटाळल्याची कथा कितीतरी जुनी. पण आजची नेसी ही रस्त्याची आणि छापखान्याची लेक.

लंडनच्या 'डेली मेल'ने मग मार्माड्यूक वेदरेल नावाचा शिकारीच धाडला. त्याला काठावर ठसे सापडले. संग्रहालयातल्या तज्ज्ञांनी ते तपासले, तर पाणघोड्याचे! तेही एकाच वाळवलेल्या पायाचे. वेदरेलची छी-थू झाली.

आणि हा तो फोटो, २१ एप्रिल १९३४ ला छापलेला. लांब मान, इवलंसं डोकं. वेदरेलने काढलेलं उट्टं होतं ते. सावत्र मुलाने खेळण्यातल्या पाणबुडीवर मान आणि डोकं घडवून बसवलं. ती पाण्यात सोडली, फोटो काढले आणि ते एका प्रतिष्ठित डॉक्टरच्या नावाने छापून आणले. डॉक्टर खोटं कशाला बोलेल? मूळ फोटो जरा बघा. भोवती केवढं पाणी, मधे केवढीशी वस्तू! छापताना कडा कापल्या आणि खेळण्याचा राक्षस झाला. कारागिरी मानली पाहिजे. हे बिंग १९९४ साली जगजाहीर झालं. तोवर हॉटेलं, बोटींच्या फेऱ्या, दुकानांतल्या हिरव्या बाहुल्या, सगळं थाटलं गेलं होतं.

२०१६ मध्ये सोनारवर, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं टिपणाऱ्या यंत्रावर, खरोखरच लांब मानेची आकृती दिसली. सुमारे नऊ मीटरची! १९६९ साली शेरलॉक होम्सवरच्या चित्रपटासाठी बनवलेला हा पुतळा. दिग्दर्शकाला त्याची वशिंडं आवडली नाहीत. ती काढली, आणि पुतळा बुडाला.

२०१८ मध्ये न्यूझीलंडच्या नील गेमेल यांच्या चमूने पाण्याचे नमुने नेले, त्यातला डीएनए तपासला. सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस नाही. ईलचा, म्हणजे वाम माशांचा डीएनए मात्र भरपूर. मासे केवढे, हे डीएनएवरून कळत नाही, एवढंच शास्त्रज्ञांचं म्हणणं. वर्तमानपत्रांना तेवढं पुरलं. हे मथळे वाचा : नेसी म्हणजे महाकाय ईल?